नव्वद फुटांची पट्टी

जिल्ह्याच्या मुख्य कचेरीसमोर, चिंचेच्या सावलीत माझे टेबल आहे. टेबलावर काच, काचेखाली देवांच्या दोन तसबिरी आणि काचेवर मराठी टंकलेखन यंत्र. समोरच्या रांगेत संगणकाची दुकाने आली, तेथील मुले ठरावीक नमुन्यात नावे भरून अर्ज छापून देऊ लागली. तरीही ज्याला आपले म्हणणे खरोखर मांडायचे असते, तो माणूस अद्याप माझ्याकडेच येतो, हे मी अभिमानाने नमूद करतो. वारसनोंद, बांधाचा तंटा, निराधारांचे अनुदान, बदली, या प्रत्येक विषयासाठी माझ्याकडे वेगळी भाषा आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. ही गोष्ट मी लपवीत नाही. परंतु कोणी विचारल्याखेरीज सांगतही नाही.

त्या मुलीने विचारले.

नागपंचमी नुकतीच होऊन गेली होती. पाऊस थांबून थांबून पडत होता आणि टेबलावर मी प्लास्टिकचा कागद ताणून बांधलेला होता. पाठीला सॅक, पायांत चिखलाने भरलेले बूट, अशी एक मुलगी येऊन स्टुलावर बसली.

‘काका, अर्ज लिवतासा न्हवं?’

‘त्यासाठीच बसलो आहे. विषय काय?’

‘खेळाचा हाय.’

शेजारच्या टेबलावर मुद्रांक विकणारे माझे जुने स्नेही बसतात. लोक त्यांना स्टॅम्पवाले म्हणतात. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. ‘वाटणी न्हाय, खातेफोड न्हाय, खेळ? साहेब, बढती झाली की तुमची.’

मी तिकडे दुर्लक्ष केले. मुलगी गडमुडशिंगीची होती. रोज बसने विद्यापीठात येई आणि एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकत होती. शाळेपासून ती आट्यापाट्या खेळत आलेली. विद्यापीठात तिने स्वतःसह नऊ मुली जमवल्या होत्या. त्यांपैकी दोघी राधानगरीकडच्या, पहिल्याच वर्षाच्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या. परंतु विद्यापीठ ज्या खेळांचे संघ बाहेर स्पर्धेला पाठवते, त्यांच्या यादीत हा खेळ नव्हता. यादीत यायचे तर आवारात सरावाची जागा दाखवावी लागते आणि जागेची तर तेथे मारामार. क्रीडा विभागातील साहेबांनी तिला एवढेच सांगितले होते, की लेखी द्या.

‘औंदा झालं तर झालं,’ ती म्हणाली. ‘फुडच्या साली मी असतो कुठं हितं?’ आमच्या भागातील मुली ‘जातो, येतो, असतो’ अशाच बोलतात. ‘शाळेकडनं खेळलो, गावाकडनं खेळलो. एकदा विद्यापीठाचं नाव पाठीवर घालून खेळायचं हाय बगा. मग बास.’ आणि लगेच तिने विचारले, ‘तुमी किती शिकलाईसा, काका?’

‘नववी,’ मी म्हणालो. तिने मान डोलावली. तिला त्यात काही विशेष वाटले नसावे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीवर ओळीने नऊ आडव्या पाट्या आखतात. त्या सर्वांना मधोमध छेदून जाणारी एक लांब उभी पाटी असते. प्रत्येक पाटीवर एक गडी उभा राहतो आणि आपली पाटी न सोडता, पलीकडे जाऊ पाहणाऱ्यांना अडवतो. केवळ पहिल्या पाटीवरच्याला त्या मधल्या उभ्या पाटीवरून धावण्याची मुभा असते. त्याला सूर म्हणतात. ज्याने साऱ्या पाट्या ओलांडल्या आणि तसाच परत आला, त्याने डाव जिंकला. या खेळाला ना चेंडू लागतो ना जाळी. एक लांबट, अरुंद पट्टी मिळाली की झाले.

नववीत मी सूर होतो. आमच्या शाळेमागे उसाच्या कडेने तशीच एक पट्टी होती. पहाटे दवाने माती दबलेली असायची आणि अनवाणी तळव्याला ती गार लागायची. तालुक्याच्या सामन्यांसाठी आमचा संघ निवडला गेला आणि त्याच आठवड्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मामा अर्जलेखक होते. त्यांनी मला आणून याच चिंचेखाली, याच टेबलाशी बसवले. संघ माझ्याविना गेला. तो जिंकला की हरला, हे मी कधीही विचारले नाही.

यातील एक अक्षरही मी त्या मुलीला सांगितले नाही. ‘मीही थोडा खेळलो आहे,’ एवढेच म्हणालो.

तिने सॅकमधून वहीचा फाडलेला एक कागद काढला. स्वतः लिहून आणला होता. ‘ह्यो बगा. आनी जरा चांगलं लिवा.’ कागदावर एवढेच होते: आम्हाला आट्यापाट्या खेळायच्या आहेत. मुलींच्या वसतिगृहामागे भिंतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत नव्वद फूट लांब आणि तेवीस फूट रुंद पट्टी मोकळी आहे. तिथली मोडकी बाकडी आम्ही उचलू. चुनाही आम्ही टाकू. सकाळी एक तास द्यावा.

‘हा अर्ज नव्हे,’ मी म्हणालो. ‘ही चिठ्ठी झाली.’ आणि तो कागद मी टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला.

मामांनी मला या धंद्याचा पहिला नियम शिकवला होता. शेळी पाहिजे असेल तर म्हैस मागावी. साहेबाला काहीतरी कापायचे असते. कापायला तू काही ठेवलेच नाहीस, तर तो शेळी कापेल. हा नियम मी आयुष्यभर पाळला आणि त्याने मला क्वचितच दगा दिला. मात्र त्या दिवशी माझ्या मनात केवळ नियम होता, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. कचेऱ्यांना, तहसीलदारांना, मंत्र्यांना मी लिहिले होते. विद्यापीठाला कधीही नाही. रस्त्याने जाताना त्या फाटकातून दिसणारी झाडांची रांग मी अनेकदा पाहिली होती, परंतु आत जाण्याचे कारण माझ्याजवळ नव्हते. माझी पावले गेली नाहीत, तर निदान माझी वाक्ये तरी तेथे जावीत, प्राध्यापकांनी ती वाचावीत आणि हे कोणी लिहिले असे एकमेकांना विचारावे, अशी इच्छा मला झाली. त्या इच्छेने मी दोन दिवस घेतले आणि तीन पाने लिहिली.

मराठी मातीतील खेळांचा ऱ्हास, भगिनीवर्गाचे आरोग्य, करवीरनगरीची क्रीडापरंपरा, सर्व काही त्यात आले. मागणी पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत होती: स्वतंत्र व कायमस्वरूपी क्रीडांगण, प्रेक्षकांची बैठकव्यवस्था आणि साहित्यगृह.

मी मोठ्याने वाचून दाखवले. स्टॅम्पवाले म्हणाले, ‘ह्यात विमानतळ तेवढा ऱ्हायला.’

‘काका,’ ती हळूच म्हणाली, ‘एवढं कशाला? आमाला पट्टी बास हाय.’

‘तू खेळ. मागायचे कसे, ते माझ्यावर सोड.’

तिने सोडले. नऊ सह्या करून आणल्या आणि उत्तरासाठी माझ्या टेबलाचा पत्ता घालून अर्ज विद्यापीठात गेला. त्यानंतरच्या महिन्यांत ती दर आठ-दहा दिवसांनी बसमधून उतरून माझ्या टेबलाशी डोकवायची. ‘काय कळलं?’ एवढेच विचारायची. ‘मोठ्या मागणीला वेळ लागतो,’ असे मी सांगत असे. खरे सांगायचे तर मीही वाट पाहत होतो. कित्येक वर्षांत एखाद्या कागदाची मी इतकी वाट पाहिलेली नव्हती.

दिवाळी झाल्यावर उत्तर आले. ते एका ओळीचे होते. जागेअभावी सदर मागणीचा विचार करता येत नाही.

‘जाऊ दे काका,’ ती मलाच म्हणाली. ‘तुमी तरी काय करनार. तुमी लई चांगलं लिवलं हुतं.’ तिने सॅक पाठीला अडकवली आणि ती बसकडे निघून गेली. रडली असती तर मला काही समजुतीचे बोलता आले असते.

मी फेरविचाराचा अर्ज लिहिला आणि तो घेऊन स्वतः गेलो. इस्त्रीचा सदरा घातला होता. त्या फाटकातून मी प्रथमच आत गेलो. झाडांची ती रांग आतून फार लांब होती. मैदानावर एका बाजूला फुटबॉल चालू होता, दुसऱ्या बाजूला क्रिकेटच्या जाळ्या. कडेने पोलीस भरतीची मुले-मुली धावत होती आणि उरलेला तुकडा नव्या इमारतीच्या पत्र्यांमागे गेला होता. क्रीडा विभागात एक वयस्क लेखनिक होते. त्यांनी माझा कागद पाहिला आणि खुर्ची पुढे केली.

‘पावणं, पयला अर्ज तुमीच लिवल्याला व्हय? बसा, बसा. भाषा झकास हाय. मी तर घरात वाचून दाखिवला.’

एवढी वर्षे ज्या वाक्याची मी वाट पाहिली, ते हे होते. मी बसलो.

‘पन काय सांगू,’ ते पुढे म्हणाले, ‘साहेबांच्या बैठकीत पयल्याच पानावर स्वतंत्र क्रीडांगण आलं आनी फाईल मिटली. मैदान कुठनं आनायचं? फुटबॉलवाली आनी क्रिकेटवाली एकाच गवतासाठी भांडाय लागल्यात. तिसऱ्याला कुठं बसवू, डोक्यावर?’

‘आणि केवळ पट्टी मागितली असती तर?’

‘कसली पट्टी?’

‘मुलींच्या वसतिगृहामागची. पाण्याच्या टाकीपर्यंतची.’

ते हसले. ‘ती व्हय? तिथं मोडकी बाकडी पडल्यात. ती कुनाला पायजे? दिली असती की, ना कुनाची हरकत ना कुनाचं काय. आदी सांगायचं न्हाय का, पावणं? आता औंदाची यादी गेली वर.’

फेरविचाराचा अर्ज मी परत सदऱ्याच्या खिशात घातला. जाताना कोपऱ्यावरून ती जागा दिसली. भिंत, उंच वाढलेले गवत, एकमेकांवर टाकलेली बाकडी आणि शेवटी टाकी. डोळ्यांनीच मी तिच्यावर नऊ पाट्या आखल्या. त्या नेमक्या बसल्या.

हे मी मुलीला सांगितले नाही. उन्हाळ्यात ती पेढे घेऊन आली. परीक्षा संपली होती आणि आजऱ्याला एका काजू कारखान्याच्या कार्यालयात तिला नोकरी लागली होती. मी अभिनंदन केले. आजऱ्याच्या पावसाबद्दल बोललो, तेथील तांदळाबद्दल बोललो. ‘पत्ता देऊन ठेव,’ म्हणालो, तेव्हा तिने हसून मोबाइलचा नंबर दिला. ती गेल्यावर टेबलाच्या काचेखाली तिचा कागद मला दिसत राहिला. त्याच्या कडा पिवळ्या पडू लागल्या होत्या.

विद्यापीठाचे नवे वर्ष सुरू झाले आणि जून संपता संपता दोन मुली आल्या. राधानगरीकडच्या त्याच दोघी.

‘ताईनं सांगितलंय,’ एक म्हणाली, ‘अर्ज लिवायचा तर काकांच्याकडनंच लिवून घ्या म्हनून.’

मी काच उचलली. तो कागद यंत्राशेजारी ठेवला आणि होता तसाच उतरवला. वर ‘महोदय’ आणि खाली ‘आपल्या नम्र’ एवढेच माझे. स्टॅम्पवाल्यांनी वाकून पाहिले. ‘बास? तब्येत बरी हाय न्हवं, साहेब?’

त्या अर्जाला महिनाही लागला नाही.

थंडीत मी आजऱ्याला फोन केला आणि एका रविवारी ती आली. क्रीडा विभागातील त्या लेखनिकांनी आम्हाला सराव पाहण्याची परवानगी काढून दिली होती. आम्ही दोघे टाकीजवळ उभे राहिलो. गवत काढलेले होते, बाकडी गेली होती, चुन्याच्या पाट्या उन्हात पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. नऊ मुली पाट्यांवर आणि नऊ मुली हुलकावण्या देत. पाठीवर विद्यापीठाचे नाव होते. ती एकटक पाहत होती आणि तिचे खांदे त्या मुलींबरोबर नकळत डावी-उजवीकडे कलत होते.

मी कागद तिच्या हातात दिला आणि लेखनिक काय म्हणाले होते ते सांगितले.

तिने कागद वाचला. ‘ह्यो माझाच हाय.’

‘हो.’

‘मग माझ्या वक्ताला का न्हाई दिला?’

‘एवढ्या मोठ्या ठिकाणी एवढे लहान मागू नये, असे मला वाटले.’

तिने कागदावरच्या आकड्यांवर बोट ठेवले. मग म्हणाली, ‘पन काका, तुमी खेळलाईसा न्हवं? पट्टी केवढी लागती, तुमाला ठावं हुतं की.’

‘ठाऊक होते.’

शिट्टी वाजली. सराव संपला. राधानगरीकडच्या मुलींपैकी एकीने हाक मारली, ‘ताई, ये की आत. एक डाव.’

तिने चपला काढल्या. पहिल्या पाटीच्या चुन्याशी पायाची बोटे आणून ती उभी राहिली. क्षणभर मला वाटले, आता जाईल. मग तिने पाय मागे घेतला.

‘न्हाय गं. मी आता हितली न्हाय.’

चपला घालून तिने कागदाची घडी केली आणि तो पर्समध्ये टाकला. मला परत दिला नाही. मीही मागितला नाही. ‘येतो, काका. दुपारची एस. टी. हाय.’ फाटकापर्यंत सोडायला मी निघालो, तेव्हा तिने हातानेच नको म्हटले.

मुली वसतिगृहात गेल्या. पट्टी रिकामी झाली. मधली उभी पाटी भिंतीपर्यंत सरळ जात होती. तिसऱ्या पाटीपाशी चुना जरासा वाकडा पडला होता. माती अजून दवाने दबलेली असावी. पहिली पाटी माझ्या पायापासून वीतभर अंतरावर होती. मी तेथे पुष्कळ वेळ उभा राहिलो. चपला मात्र काढल्या नाहीत.