निळं पाणी

साडूने आपली जुनी गाडी घरच्या घरी रंगवली, इथवर पेंटरची काही तक्रार नव्हती. हौसेपोटी माणसं स्वतःचे केसही कापतात. पण फोन ठेवता ठेवता बायको म्हणाली, "धाकटी सांगत होती, अगदी भाऊजींच्या हातची वाटते." तिथून पेंटरच्या पोटात दुखायला लागलं.

एकतीस वर्षं तो गॅरेजात गाड्या रंगवत होता. शिक्षण सातवीपर्यंत, तेही ढकलत ढकलत. साडू मात्र गणिताचा मास्तर. सासरी फॉर्म भरायचा असो, औषध बदलायचं असो, कुणाला शाळेत घालायचं असो, प्रत्येक गोष्टीत "मास्तरांना विचारा." पेंटरला विचारायचे ते फक्त गाडीबद्दल. एवढ्या एका विषयावर त्या घरात त्याचा शब्द शेवटचा होता. आता मास्तरने तिथेही हात घातला होता, आणि वही-पेन घेऊन, व्हिडिओ बघून, महिनाभरात!

रविवारी दुपारी दोघं नवराबायको बघायला गेले. सासरेही आले होते. मास्तरने शेडला चारी बाजूंनी प्लास्टिक लावलं होतं, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारलं होतं. गाडी निळी. शुक्रवारी तिच्यावर क्लिअरचा, म्हणजे वरच्या पारदर्शक चकाकीचा, शेवटचा हात मारलेला. पेंटर बॉनेटपाशी वाकला आणि मान तिरकी करून छताच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघू लागला. रंग नीट बसला नसेल तर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात आणि ट्यूब वाकडीतिकडी होते. इथे ती पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. पेंटरने दुसऱ्या बाजूने बघितलं. तिसऱ्या बाजूने बघितलं. मास्तर त्याच्या मागे मागे फिरत होता. पेंटरच्या मनात आलं, आपलं बॉनेट असं कधी झालं होतं? उत्तर त्याला ठाऊक होतं, म्हणून तर अंगाचा तिळपापड होत होता.

आणि मग ड्रायव्हरच्या दारावर त्याला ओघळ दिसला! दाराच्या आडव्या धारेलगत क्लिअर जास्त पडून खाली ओघळलं होतं, बोटभर लांब. पेंटरचा चेहरा खुलला.

"हे काय रे?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"तो ना? कालच दिसला," मास्तर म्हणाला. "मी हातच लावला नाही, दादा. म्हटलं, हे काम तुमचंच."

खुर्चीत बसलेले सासरे म्हणाले, "घ्या जावईबापू, बघू तरी तुमची करामत."

पेंटरच्या डाव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं असे. ओघळावर ते दाबायचं. नख उमटलं की ओघळ आतून अजून मऊ आहे, आठवडाभर थांबायचं, घासायचा कागद लावायचा नाही. गॅरेजात नव्याने आलेल्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी हेच शिकवायचा. आता त्याने नख दाबलं. चंद्रकोर स्पष्ट उमटली.

'पुढच्या रविवारी येतो' एवढंच म्हणायचं होतं. पण मग आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी मास्तरची गाडी, आणि आपण कोण? पेंटरने बाही सरसावली. "बादली आण. आणि बारीक पॉलिश पेपर."

कागद पाण्यात भिजवून तो घासायला बसला. ओघळ कागदाला चिकटायला लागला. वाळलेला ओघळसुद्धा कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हलकेच घासतात. पेंटरने तीन बोटांनी जोर लावला. दाराला पांढुरकं पाणी सुटलं, ते क्लिअरचं. सासरे मान डोलवत होते, मेहुणी कौतुकाने बघत होती, पेंटरचा हात आणखी वेगाने चालला. आणि पाणी निळं झालं.

निळं म्हणजे खालचा रंग. कागद क्लिअर फोडून आत गेला होता. पेंटरने फडकं फिरवलं. धारेवर नखाएवढा निस्तेज डाग उघडा पडला होता.

"काय झालं, दादा?"

"थर पातळ मारलास तू," पेंटर म्हणाला. तोंडातून गेलं आणि त्याला बरंही वाटलं. "नवख्याचं असंच होतं."

"माझंच चुकलं," मास्तर म्हणाला. त्याने ते वहीत लिहूनही घेतलं.

परतताना बायको स्कूटरवर मागे बसली होती. एकतीस वर्षं तिने त्याची फडकी धुतली होती. कुठलं पाणी कशाचं हे तिला सांगावं लागत नसे. सिग्नलला ती म्हणाली, "पाणी निळं व्हायच्या आधी तुम्ही नख दाबलं होतं. मी बघितलं." पेंटरने सिग्नल सुटल्या सुटल्या गाडी दामटली.

सोमवारी सकाळी मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, हे उजाडल्यापासून गाडी घासतायत. म्हणे, दारावर थर पातळ, म्हणजे सगळीकडेच पातळ असणार. सगळं क्लिअर काढून परत मारणार. रजा टाकलीय."

पेंटरच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. चपलाही उलटसुलट घालून तो निघाला.

शेडमध्ये मास्तर पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून उभा होता. सुरुवात त्याने बॉनेटपासून केली होती. जाड कागदाने घासलेलं बॉनेट या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरट, धुरकट झालं होतं. वर ट्यूब चालू होती. खाली काही दिसत नव्हतं.

"थांब," पेंटर म्हणाला. "थर पातळ नव्हता. ओघळ मऊ होता, मला कळलं होतं, तरी घासला मी. बोटं दाबून घासला. चूक माझी होती."

मास्तरने कागद खाली ठेवला नाही. त्यातून पांढरं पाणी त्याच्या पायावर ठिबकत होतं.

"म्हणजे बॉनेट ठीक होतं?"

"ठीक?" पेंटरचा आवाज फाटला. "अरे, एवढं सरळ बॉनेट मला एकतीस वर्षांत जमलं नाही. जळलो मी तुझ्यावर."

मास्तर बॉनेटकडे बघत राहिला.

"मग काल बोलायचं होतंत ना, दादा," तो म्हणाला. "तुम्ही किती वेळ वाकून बघत होतात. मी तेवढं ऐकायलाच मागे उभा होतो."