पाइपात बसलेली गुठळी

दिवाळीनंतरचा दुसरा मंगळवार, सकाळचे साडेदहा. आमच्या चाकणच्या गॅस प्लांटच्या फिलिंग शेडमध्ये हजर: ऑपरेटर, टँकरचा ड्रायव्हर आणि मी, डिस्पॅच इन्चार्ज. चौथं कुणी नव्हतं.

टँकरमध्ये द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरत होतो. गुजरातेतल्या एका जुन्या तेलविहिरीत तो दाबाने सोडायचा होता. खडकाला चिकटलेलं तेल त्याने सुटतं आणि बराचसा वायू खालीच राहतो. तिथली माणसं पंप लावून खोळंबली होती. सकाळपासून मला त्यांचे चार फोन.

भरणं संपलं. घाईत ऑपरेटरने टँकरला जोडलेल्या लवचिक पाइपातला दाब एकदम उतरवला. तसं केलं की आतला द्रव गोठून बर्फासारखी गुठळी बसते आणि तिच्यामागे दाब कोंडून राहतो. नियम एकच. हात लावायचा नाही, आपोआप विरू द्यायची. तासभर तरी जातो.

"तासभर?" ड्रायव्हर म्हणाला. "राव, तुमच्या चाकणचा बर्फबी सायबावानी आरामात उठतो का?"

"तू गप गाडीत बस," ऑपरेटर म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "ताई, पाइपाचं टोक सोडलंय म्या. काय येत न्हाई त्यातनं. एक ठोका देऊ का?"

तो भोसरीच्या वर्कशॉपांत शिकलेला. तिथे गंजलेला नट असो की अडलेली मशीन, पहिला इलाज हातोडा. मीही तिथूनच आलेली. पाचवा फोन वाजत होता. मी म्हणाले, "दे, पण हळू."

पहिल्या ठोक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला बंदुकीसारखा बार झाला. गुठळी समोरच्या पत्र्याला भोक पाडून गेली आणि पाइप उसळला. पहिला फटका ऑपरेटरच्या जबड्यावर. दात काँक्रीटवर तडतडले. तो पडला तरी पाइप थांबेना. खांदा, बरगड्या, पुन्हा तोंड. पांढऱ्या धुक्यात दिसत काहीच नव्हतं, नुसते आवाज येत होते, ओल्या गोणीवर काठी हाणावी तसे. ड्रायव्हरने त्याला पायांना धरून बाहेर ओढलं आणि मग माझा दंड पकडून मला खांबावर आदळलं. "तुमीच म्हणलात ना, दे! म्या ऐकलंय!"

ऑपरेटरचा उजवा डोळा गेला. जबडा तारांनी बांधलाय. चौकशीच्या कच्च्या अहवालात लिहिलंय की ऑपरेटरने स्वतःच्या मनाने नियम मोडला. तेच कायम झालं तर त्याची नोकरी जाईल. ड्रायव्हर ट्रान्सपोर्टवाल्याचा माणूस, त्याला कुणी विचारलंच नाही.

दवाखान्यात ऑपरेटरने मोबाइलवर टाइप करून माझ्यापुढे धरलं: "ताई, तुमी सांगा." मी मान डोलावली.

जबाब शुक्रवारी द्यायचा आहे. वेळ, दाब, कोण कुठे उभं होतं, सगळं क्रमाने लिहून झालंय. परवानगी कुणी दिली, ती ओळ लिहायची राहिली आहे.