सोमारीसाठी सोडलेली जागा

रुखमाबाईला एकटीनं गाता येत नाही. गळा नाही म्हणून नव्हे. गळा असा, की रोवण्याच्या दिवसांत धानाच्या बांधीत वाकून तिनं पहिली ओळ टाकली तर ती तळ्याच्या पाळीवर बसलेल्या गुराख्याला ऐकू जायची. पण त्या ओळीला उत्तर लागायचं आणि ते यायचं समोरच्या रांगेतून, सोमारीकडून. रोवण्याचं गाणं असंच असतं. बायांच्या दोन रांगा, पाय चिखलात, हातात धानाच्या रोपांची पेंडी; एक रांग विचारते, दुसरी सांगते. चाळीस वर्षं रुखमा विचारत आली आणि सोमारी सांगत आली. रुखमा एखादं कडवं विसरली, की सोमारी गाणं तोडून कंबर सरळ करायची आणि साऱ्या बायांदेखत ओरडायची, "चुकली वो रुखमे! ध्यान कुठी हाय? चुलीपाशी का नवऱ्यापाशी?" बाया हसून हसून वाकड्या व्हायच्या.

चैतात सोमारीला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचाही गेली. लेक उर्वशीनं तिला आपल्या घरी सिरोंच्याला नेलं. चामोर्शीच्या अलीकडच्या या गावातून सिरोंचा म्हणजे एसटीचा अख्खा दिवस. धान कापून झाल्यावर रुखमा जाऊन आली. दोन दिवस मैत्रिणीजवळ बसली. सोमारी नुसती बघायची, डोळ्यांतून पाणी काढायची. तिसऱ्या दिवशी गाडीला वेळ होता. काय बोलावं सुचेना, म्हणून तुरीच्या शेंगा सोलता सोलता रुखमा गुणगुणली,

"मायनं काय धाडलं बाई, सांग सांग सई?"

आणि खाटेवरून, घासलेल्या पण सुरातल्या आवाजात उत्तर आलं, "मायनं धाडली चोळी बाई, हिरव्या काठाची."

उर्वशीच्या हातातला तांब्या पडला. सोमारीला व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, "असं होते कधी कधी. बोलणं जाते, गाणं राहते. हेच गाणं, हाच आवाज रोज ऐकवा. गाण्याच्या मागून बोलणंही येईल, कोणाले माहीत."

रुखमा तोवर गावी परतली होती. फोनवर गाऊन पाहिलं. रुखमाची ओळ सिरोंच्याला पोचायची उशिरा, सोमारीचं "आं" उलटून यायचं त्याहून उशिरा, तोवर हिची पुढची ओळ सुरू. दोघी एकमेकींच्या अंगावर पडायच्या. मोबाईलवर गाणं भरून पाठवलं, तर रुखमाचा चढा आवाज फाटून पत्र्यासारखा वाजायचा. सोमारीनं तो ऐकून तोंड फिरवलं, असं उर्वशीनं कळवलं.

मग सून रंजीता माईकच्या मागं लागली. दोन संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर बसून मोबाईलवर व्हिडिओ बघून तिनं पहिला माईक मागवला. चकचकीत, स्टँडवाला, वर काळा स्पंज. व्हिडिओतल्या पोरानं सांगितलं होतं म्हणून खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या, दार लावलं, सासूला आत उभं केलं. नंतर दोघींनी ऐकलं. कोंबडा होता. शेजारचा हातपंप होता. छपराच्या कवेलूवर उड्या मारणारी खारही होती.

"आई, तुम्ही कुठी हाय यात?"

"मी त गाऊनच राह्यली होती वो. कोंबडा काऊन गाऊन राह्यला? त्याले कोन बोलावलं?"

आणि जिथं रुखमा होती, तिथं आवाज फाटत होता, मोबाईलवर फाटायचा तसाच. माईक परत गेला.

दोघी गडचिरोलीला पोचूभाऊकडे गेल्या. पोचूभाऊचं दुकान हातभर. हिवाळ्यात झाडीपट्टीतल्या नाटकांना भोंगे आणि माईक त्याच्याकडून जायचे. कुठल्या कंपनीचा माईक हवा, हे त्यानं रंजीताला विचारलं नाही.

"घर स्लॅबचं का कवेलूचं?"

"कवेलूचं."

"कोंबड्या?"

"सात," रुखमा म्हणाली. "एक कोंबडा. मेला लई बोलते."

"अन् गाणारं कोन?"

रंजीतानं सासूकडे बोट दाखवलं. पोचूभाऊ म्हणाला, "म्हणा बाई, एक ओळ." रुखमा लाजली, पदर सारखा केला आणि म्हणाली. बाहेर चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"बापा!" पोचूभाऊ हसला. "तुमी मागवला होता तो शांत खोलीसाठी. तो मुंगी चालली तरी ऐकते. तुमाले पायजे बहिरा माईक. जवळचं ऐकते, दूरचं सोडून देते, अन् वरडलं तरी फाटत नाई." त्यानं फळीवरून एक जाळीदार डोक्याचा, हातात धरायचा माईक काढला. नाटकात गवळणी म्हणणाऱ्या बाया धरतात तसा. "हा दोन हजारांत, मोबाईलले लावायच्या वायरसकट. याच्याहून महाग माझ्यापाशी हाय, पण तुमाले कायले पायजे? फक्त तोंड चार बोटांवर ठेवा. दूर गेल्या त हा ऐकतच नाई."

गोम तिथंच निघाली. रुखमा चार बोटांवर गाऊ शकेना. चाळीस वर्षं ओळ फेकलेली. तोंडासमोर काही आलं की गळा आखडायचा. रंजीता माईक पुढं करायची, रुखमा मागं सरायची. अशा दोघी माईकसकट भिंतीला जाऊन टेकल्या.

"होत नाई मले. गिळल्यावानी वाटते."

दोन दिवस माईक फळीवर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी रंजीतानं पाहिलं, सासू अंगण सारवते आहे, कमरेत वाकून, आणि गुणगुण नव्हे, मोकळं गाते आहे. तोंड जमिनीकडे. जमीन तोंडापासून हातभर, तरी आवाज अजिबात आखडलेला नाही.

तिनं खोलीत घमेलं पालथं घातलं, त्यावर पाट ठेवला, आणि पाटाला माईक सुतळीनं बांधला, तोंड वर करून. "आई, वाका."

"अन् हात? हात रिकामे ठेवून मी वाकत नसतो."

रंजीतानं स्वयंपाकातून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणून दिली. रुखमा वाकली. एका हातात जुडी, दुसऱ्या हातानं एकेक काडी काढून जमिनीवर टेकवायची, बांधीत रोप लावतात तशी; फक्त मागं सरकायचं नाही, पाय जागीच. आणि आवाज सुटला. माईकपासून चार बोटांवर.

एक ओळ झाली, की ती थांबायची. समोरच्या भिंतीकडे बघायची. मग पुढची.

"मधात थांबून काऊन राह्यल्या? मी ते कापून टाकू का?"

"कापू नको वो! ते सोमारीचं हाय."

चार कडवी झाली. बापानं काय धाडलं, मग भावानं, वहिनीनं, मामानं. ऐकलं तर कोंबडा कुठंतरी नदीपल्याड आरवल्यासारखा, आणि रुखमा समोर बसल्यासारखी. सांभार त्या दिवशीच्या वरणात गेला. दोघी तळ्याच्या पाळीवर गेल्या, तिथंच रेंज मिळते. रंजीतानं गाणं उर्वशीला पाठवून दिलं.

परत येताना अर्ध्या वाटेवर रुखमा एकदम थांबली.

"रंजीता. म्या माय कुठी म्हटली?"

माय म्हटलीच नव्हती. पहिलं कडवं मायचं असतं. तिनं थेट बापापासून धरलं होतं. रांगेत उभं राहिल्यावर समोरून सोमारी हसून पहिली खूण द्यायची, तेव्हा तिला सुरुवात सापडायची. भिंतीनं खूण दिली नव्हती. आणि सिरोंच्याला सोमारीनं जी एकच ओळ म्हटली होती, ती मायचीच.

दोघी पाळीवर परत आल्या. मोबाईलवर गाण्याखाली दोन निळ्या खुणा उमटून गेल्या होत्या.

"उद्या नवीन भरू, आई."

"तवर ऐकलं ना तिनं. तिच्या डोक्यात आधीच गोंधळ, त्यात म्या आनखी..." रुखमा पाळीवरच बसली. "तिचं तेवढंच तर उरलं होतं, तेच म्या खाल्लं."

त्या संध्याकाळी ती नीट जेवली नाही. सकाळी पाट मांडला, सांभार घेतला, पण पहिली ओळच निघेना. दुपारी तिनं स्वतःहून म्हटलं, "चल पाळीवर. उर्वशीले सांगू, आयकवू नको म्हणून."

पाळीवर पोचताच फोन वाजला. उर्वशीच होती. हसत होती की रडत होती, कळेना.

"मोठीमाय, कालपासून फोन लावून राह्यली, लागतच नाई. काल गाणं लावलं. पहिली ओळ झाली अन् माय नुसती बघत बसली. मले वाटलं, नाई ओळखलं. मग दुसरी ओळ आली भावाची, तं तिनं डावा हात असा खाटेवर आपटला, अन्..."

"अन् काय वो?"

"थांब, तीच सांगते. सकाळपासून दहा वेळा सांगून झालं."

खरखर झाली. श्वास ऐकू आला. मग एकेक अक्षर ओढून, गाण्यात नव्हे, साध्या बोलण्यात:

"चु...कली. रुखमे. आदी... माय."

रुखमानं फोन दोन्ही हातांनी धरला. मग नाक पुसून तिथूनच ओरडली, फोन नसता तरी सिरोंच्यापर्यंत गेलं असतं इतक्या मोठ्यांदा,

"चुकली त चुकली! तू कायले झोपून राह्यली होती? खूण कोन देईन मले?"

घरी येताच तिनं घमेलं पालथं घातलं. रंजीता सांभाराची जुडी घेऊन आली आणि म्हणाली, "आता मायपासून धरा, आई. सगळं बरोबर म्हणा."

रुखमा वाकली, जुडीतून एक काडी काढली.

"मायपासूनच धरतो," ती म्हणाली. "पण वहिनीच्या जागी मामी घालतो. बोलू दे तिले."