दोन रंगांची बोय

सासूबाई आमच्या सानपाड्याच्या घरी राहायला आल्या, त्या दिवशी मला गॅलरीतला माझा सगळा पसारा आवरावा लागला. सारसोळ्यातलं त्यांचं बैठं घर पाडून मेव्हण्याने तिथे इमारत बांधायला घेतली होती, आणि त्याच सुमारास त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा डोळा काही महिन्यांनी करायचा होता. घर तयार होईपर्यंत त्यांनी लेकीकडे राहावं असं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की डोळ्यात धूळ जाता कामा नये, धूर जाता कामा नये. आणि माझा तर छंदच धुराचा.

मी गळाने मासे पकडतो. मूळचा मी साताऱ्याकडचा, दुष्काळी भागातला. पोहायलासुद्धा नीट येत नव्हतं. नोकरीसाठी इकडे आलो, सारसोळ्याच्या कोळ्यांची मुलगी केली, आणि चाळिशी उलटल्यावर कधीतरी एका मित्राबरोबर खाडीच्या काठावर उभा राहिलो, तो अजून तिथेच आहे. गळाला जिवंत कोळंबी न लावता मी मऊ प्लास्टिकचा खोटा मासा लावतो. पाण्यातून ओढला की त्याची शेपटी खऱ्या माशासारखी वळवळते. हे मासे दुकानात मिळतात, पण तिवरांच्या मुळांत आणि कालवं चिकटलेल्या दगडांत अडकून इतके तुटतात की मी ते घरीच करायला लागलो.

करायला तसं सोपं आहे. एक पांढरं, दुधासारखं द्रावण मिळतं. ते तापवलं की आधी पिठल्यासारखं घट्ट होतं, आणखी तापवलं की पातळ होतं आणि मधासारखं पारदर्शक दिसायला लागतं. मग त्यात रंगाचे थेंब, थोडी चमकी, आणि हे सगळं साच्यात ओतायचं. साचा मी प्लास्टरचा केला होता, एक विकतचा मासा त्यात दाबून. निवलं की मासा बोटाने उचलून काढायचा. तापवायला जुना मायक्रोवेव्ह होता, तो गॅलरीतच असायचा आणि त्यात दुसरं काही ठेवायचं नाही असा बायकोचा कडक कायदा होता. वास मात्र वाईट. वरच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा खाली वाकून, "तुमच्याकडे वायर जळतीय का हो?" असं काळजीने विचारलं होतं. तेव्हापासून मी तोंडाला मास्क लावून, पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवत असे.

अडचण दोन रंगांची होती. खरा मासा एकरंगी नसतो. पाठ गडद, पोट पांढरं. मला खाडीतली बोय करायची होती, कारण जिताडा, खाडीतला मोठा शिकारी मासा, या लहान बोयीच्या मागे धावतो, आणि जिताडा एकदा तरी आपल्या गळाला लागावा ही माझी फार दिवसांची इच्छा. माझ्या साच्यात मासा उताणा असे. आधी गडद रंग ओतायचा, ती पाठ. त्यावर पांढरा, ते पोट. पण पहिला थर जास्त निवला तर दोन्ही एकमेकांना धरत नाहीत. मासा हातात घेऊन वाकवला की पाठ सालपटासारखी सुटून यायची. आणि घाई केली तर दोन्ही रंग मिसळून राखेच्या रंगाचा एक उदास मासा तयार व्हायचा. असे उदास मासे माझ्याकडे डबाभर होते.

सासूबाई आल्या आणि हे सगळं कपाटावर गेलं.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी सासूबाई माझ्याशी सरळ बोलत नसत. राग नव्हता, अवघडलेपण होतं. मी समोर बसलेला असताना त्या बायकोला विचारायच्या, "जावय जेवलं का?" मीही बायकोला सांगायचो, "म्हणावं, जेवलो." बायको दोघांकडे बघून कपाळाला हात लावायची. त्यांनी सगळा जन्म मच्छी विकण्यात घालवला होता, आणि मी मासा धरून पुन्हा पाण्यात सोडतो हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. जावयाचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी शंका त्यांना तेव्हापासून असावी.

पहिले काही आठवडे त्या काळा चष्मा लावून हॉलमधल्या खुर्चीत बसून असत. बायको वेळेवर डोळ्यात औषध घालायची. औषध संपलं, डॉक्टर खूश झाले, तेव्हा बायकोच मला म्हणाली, "काढ तुझी ती प्रयोगशाळा. दार मात्र घट्ट लावून घे. आई आतच बसेल."

रविवारी सकाळी मी सामान मांडलं. काचेचं सरकतं दार बंद केलं. थोड्या वेळाने मान वर केली तर दाराच्या पलीकडे सासूबाई खुर्ची ओढून बसलेल्या. काळा चष्मा, नाकात नथणी, हात मांडीवर. टीव्ही बघावा तशा माझ्याकडे बघत होत्या. मी गडबडलो. साच्यात पाठ ओतली, पांढरं तापवलं, ओतलं, आणि निवल्यावर मासा उचलून त्यांना काचेतून दाखवला. त्यांनी मानेने खूण केली, आत आणा.

मी वाफ निवळू दिली आणि आत गेलो. त्यांनी मासा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, एक डोळा मिटला, मग दुसरा.

"ह्या डोल्यानं बघला त पांढरा हाय," त्या म्हणाल्या. "तो जुना डोला. आन् ह्या नव्यानं बघला त पिवला हाय."

मला वाटलं, त्यांचा काहीतरी गोंधळ होतोय. मासा उजेडात नेला, त्याच्या शेजारी कोरा कागद धरला. खरंच पिवळा होता. प्लास्टिक जास्त तापलं की करपतं आणि पिवळसर होतं, हे मला माहीत होतं. पण पिवळं पडलेलं रोज बघून बघून मला तेच पांढरं वाटायला लागलं होतं.

"हो आई, पिवळाच आहे," मी म्हणालो.

आणि मग लक्षात आलं की मध्ये बायको नव्हती. ती अंघोळीला गेली होती.

पुढच्या रविवारपासून हे ठरूनच गेलं. मी गॅलरीत, त्या काचेआड. प्रत्येक मासा निवला की आत न्यायचा आणि त्यांनी आधी जुन्या, मग नव्या डोळ्याने बघायचा. त्यांना त्या खेळाची फार मजा वाटायची. घरातल्या सगळ्या वस्तू त्या तशाच बघत. बायकोची एक साडी एका डोळ्याने तपकिरी आणि दुसऱ्याने जांभळी निघाली, तेव्हा हसून हसून त्यांना ठसका लागला.

सगळ्यात जास्त त्यांना निळ्याने वेड लावलं होतं. निळा रंग त्यांनी कित्येक वर्षांत बघितलाच नव्हता म्हणे. पाण्याची निळी बादली, समोरच्या इमारतीवरची निळी ताडपत्री, सगळं त्या कौतुकाने दाखवायच्या. "पाठ निली करा," एकदा त्यांनी हुकूम सोडला. "झकास दिसल."

"खाडीतली बोय निळी असते?"

"तुमी करा त."

मी केली. चांगली भडक, गणपतीच्या मखराला शोभेल अशी. त्यांनी ती दोन बोटांत धरून बराच वेळ वळवळवली. त्या निळ्या माशांनी मी सलग कितीतरी रविवार सकाळी गळ टाकला आणि एकाही माशाने ढुंकून बघितलं नाही. परत आलो की त्या दारातच विचारायच्या, "निल्याला लागला?" मी मान हलवायचो. शेवटी एकदा त्यांनीच कबूल केलं, "नाय लागायचा. निला माजे डोल्याला पायजे होता, माशाला नाय." आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

हिरवट-तपकिरी पाठीच्या मागे आम्ही लागलो तेव्हाची एक दुपार मला नीट आठवते. मी लहान लहान कपांत रंगाचे थेंब घालून नमुने केले होते आणि ते ताटात मांडून त्यांच्यासमोर ठेवले होते. त्या एकेक उचलून बघत होत्या. तांबडा एक नमुना होता, उगाच केलेला. तो त्यांनी बाजूला काढला आणि हातात धरून बसून राहिल्या.

"जावय," त्या म्हणाल्या, "मी बाजारात बसायची सोडली ती कनच्यासाठी, तुमाला म्हायती हाय?"

"गुडघे दुखायचे ना तुमचे?"

"गुडघं बरं हायत माजं. सगल्यांना तसा सांगला." त्यांनी तो तांबडा तुकडा माझ्यासमोर धरला. "मना कल्ल्याचा रंग दिसत नव्हता. ताजी मच्छी लालभडक असते आतून. मना सगली एकच दिसाची, मातीवानी. वासावरनं काम भागवला थोडं दिवस. मंग एक बाई, रोजची गिराईक, मच्छी परत घेऊन आली. काय बोलली नाय. निसती समोर ठेवली. मी तिला दुसरी दिली, आन् दुसरे दिवशी गेलीच नाय."

मी म्हणालो, "डोळे दाखवायचे ना तेव्हाच."

"भ्या वाटला. म्हाताऱ्या मानसाचा डोला कापतात, मंग होता तोबी जातो, असा आयकला होता." मग त्या हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाल्या, "यो लाल मना पयल्यासारखा दिसतय."

त्या दिवशी आम्ही पुढे काही केलं नाही. बायको बाहेरून आल्यावर मी तिला हे सांगितलं. ती स्वयंपाकघरात जाऊन आईच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिली. दोघी कोथिंबीर निवडत होत्या. कोथिंबीर निवडायला त्या दिवशी फारच वेळ लागला. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख सासूबाईंनी स्वतःच फोन करून घेतली.

दोन रंग एकमेकांना का धरत नव्हते, ते कोडं अगदी सहज सुटलं. एका रविवारी मी साचा उन्हात ठेवून विसरलो. उन्हाळ्याचे दिवस, गॅलरी पश्चिमेची. संध्याकाळी हात लावला तर साचा चांगलाच तापलेला. त्यातच पाठ ओतली. ती हळूहळू निवली, वर नुसती सायीसारखी चकाकी आली, आणि तेवढ्यात मी पांढरं सोडलं, या वेळी न करपवलेलं. निवल्यावर मासा काढून वाकवला, पिळला, ताणला. रंगांची शीव सरळ होती आणि पाठ पोटाला सोडत नव्हती. प्लास्टर गार असायचं म्हणून पहिला थर एकदम आळायचा, एवढंच कारण. मी तो मासा घेऊन घरभर फिरलो.

सासूबाईंनी तो पाण्याच्या बादलीत बुडवून वरून बघितला. "बोय वरून अशीच दिसते," त्या म्हणाल्या. "नवरा होडीवरनं दाखवायचा, मना दिसायची नाय. पान्यावानीच असते ना. निसती सावली हलते."

दुसरा डोळा झाला, त्याचंही पथ्य संपलं, आणि तोवर सारसोळ्याचं घरही तयार झालं. त्यांना पोचवायला गेलो त्या रविवारी उधाणाची भरती होती. सामान वर चढवल्यावर त्या म्हणाल्या, "चला जेट्टीवर. तुमचा रबर बघू कसा पोवतो त."

जेट्टीवर त्यांच्या ओळखीच्या बायका होत्या. कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. "जावय हाय माजा," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मासं घरी करतय." बायका हसल्या. मी पाठ वळवून गळ टाकायला लागलो. पाणी चढत होतं, तिवरांच्या फांद्या अर्ध्या बुडाल्या होत्या. त्यांच्या कडेने बोय हळू ओढत आणायची, थांबायचं, पुन्हा ओढायचं. असं बराच वेळ चाललं. मागे बायकांच्या गप्पा सुरू होत्या, आणि मला काही लागलं नसतं तरी चाललं असतं, इतकं बरं वाटत होतं.

धक्का बसला तो कोपरापर्यंत. दोरी सूं करत गेली. मासा पाण्याबाहेर उसळला, डोकं झाडलं, चांदीच्या ताटासारखा चमकला, आणि मागे एकदम ओरडा झाला, "जिताडा! जिताडा हाय!" सासूबाई खुर्चीतून उठून कठड्याशी आल्या होत्या. "सईल सोडा! तिवरात शिरल तो! वढा आता, वढा!" मला काहीच कळत नव्हतं, त्या सांगत होत्या ते करत होतो. आमच्या मागोमाग आलेल्या मेव्हण्याने खाली उतरून त्याला जाळीत घेतलं.

फार मोठा नव्हता. जाणकारांनी पाहून "ठीक हाय" म्हणावं इतका. जबड्यात ती दोन रंगांची बोय आडवी अडकली होती, शेपटी अर्धी तुटलेली. मी आकडा सोडवला आणि सवयीने सासूबाईंकडे बघितलं.

"सोडताव का काय?" त्यांनी डोळे मोठे करून विचारलं.

"तुम्ही सांगाल तसं."

"वेडं हायत का तुमी?" त्यांनी मासा माझ्या हातातून घेतला आणि पदर खोचून घराकडे निघाल्यासुद्धा. मी गळ गुंडाळत मागून चाललो.

नव्या घरातला पहिला स्वयंपाक त्यांनी जमिनीवर बसून केला. ओटा चकचकीत होता, पण त्यांना विळीवरच बरं वाटलं. जेवायला आम्ही ओळीने खाली बसलो. त्यांनी कालवण वाढत आणलं, माझ्या ताटाशी थांबल्या आणि डोकं माझ्या पानात ठेवलं. बायकोने मला कोपराने डिवचलं. त्या घरात माशाचं डोकं सगळ्यात मानाच्या माणसाच्या पानात जातं, हे मला इतक्या वर्षांत कळलं होतं. साताऱ्याच्या माणसाला माशाचं डोकं खाता येत नाही. मी चाचपडत सुरुवात केली.

"तसा नाय," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्यासमोर बसकण मारून, कुठे बोट घालायचं आणि काय चोखायचं, ते एकेक दाखवायला लागल्या.