आण्णांची लेवल

माझ्या वडिलांचं काम मी बंद पाडलं. माझ्या अंगठ्यानं.

आज आण्णांना जाऊन वर्ष झालं. ही गोष्ट घरात कुणालाच सांगितलेली नाही, म्हणून इथे पोस्ट करतेय.

आण्णा गवंडी होते. मलकापूर भागात चाळीसेक वर्षं त्यांनी लोकांची घरं बांधली. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी शब्द येत होते पाच-सहा, पण त्यातला एक त्यांनी जन्मभर पुरवून वापरला.

लेवल.

भिंतीची लेवल, फरशीची लेवल. ते ठीकच.

पण आमटीत मीठ नेमकं पडलं तरी, "आज लेवलला आलीया." भाऊबंद तावातावानं बोलायला लागले की, "जरा लेवलात." पावसाळ्यात मी कोल्हापुरातून फोन केला की माझ्याआधी पंचगंगेची चौकशी. "लेवल किती झाली?"

माझी पहिली कथा छापून आली तेव्हा ते अंक हातात धरून बराच वेळ बघत बसले. वाचलं किती, माहीत नाही.

म्हणाले, "वळी समद्या एका लेवलीत हायत की."

एवढं कौतुक माझं नंतर कुणी केलं नाही.

त्यांच्याकडं लेवल बघायची एक नळी होती. पारदर्शक, प्लास्टिकची, पाणी भरलेली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं जोडीदाराच्या. नळी हलवताना पाणी सांडू नये म्हणून तोंडावर अंगठा दाबायचा आणि भिंतीवर पाण्याच्या उंचीची खूण करायच्या वेळी काढायचा. दोन्हीकडचे अंगठे निघाले की पाणी हेलकावतं, थांबतं आणि दोन्ही टोकांना एकाच उंचीवर उभं राहतं.

एक जरी अंगठा राहिला, तरी ते खोटं बोलतं.

बारा वर्षांपूर्वी आमच्या घरी न्हाणीघर नव्यानं करायचं ठरलं. लेकीच्या घरचं काम दुसरा कुणी कशाला करेल, असं म्हणून आण्णा स्वतःच आले. त्या दिवशी त्यांचा जोडीदार आला नाही. दुसरं टोक मी धरलं.

प्रत्येक कोपऱ्यात ते म्हणायचे, "अंगठा काढ." मी म्हणायची, "काढला."

चौथ्या कोपऱ्यात माझा फोन वाजला. एका हातात फोन, एका हातात नळी.

"काढला," मी म्हणाले.

काढला नव्हता.

खूण झाल्यावर लक्षात आलं. एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं आणि गप्प बसले.

फरशी बसली. पहिल्याच आंघोळीचं पाणी मोरीकडं जायचं सोडून उलटं फिरलं आणि उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आलं.

माझे सासरे हसत म्हणाले, "पावणं, वय झालं आता. लेवल गेली तुमची."

मी तिथंच होते. फडक्यानं पाणी टिपत.

आण्णा फक्त "व्हय" म्हणाले.

दोन दिवस एकट्यानं राबून त्यांनी फरशी उखडली, पुन्हा बसवली. मग गावी गेले, नळी गुंडाळून खुंटीला अडकवली, ती परत काढलीच नाही. कुणी कामाचं विचारायला आलं की सांगायचे, नजर गेली.

गेल्या वर्षी इथल्या दवाखान्यात होते. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. सिस्टर आल्या की त्यांचा एकच प्रश्न. "लेवल किती?"

ब्याण्णव. मग नव्वद. मग अठ्ठ्याऐंशी.

एका दुपारी आम्ही दोघंच होतो. मी सगळं सांगून टाकलं. फोन, अंगठा, माझं गप्प बसणं.

ते डोळे मिटून ऐकत होते.

"ठावं हाय," म्हणाले. "फरशी उखडली तवा नळी परत लावून बघितली. तीन खुणा बरोबर हुत्या. चौथीच्या टायमाला तुझा फोन आलता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या सासऱ्याम्होरं? तुला तिथं ऱ्हायाचं हुतं. मी काय, दोन दिसांचा पावणा."

"पण काम सोडलंत तुम्ही, आण्णा."

"एकदा व्हय म्हटल्यावर परत नळी घिऊन कुठं फिरू?" डोळे उघडले. माझा चेहरा बघितला असावा. "गुडघं बी गेलतं म्हणा."

थोड्या वेळानं म्हणाले, "आता सांगत बसू नगंस कुणाला."

तिसऱ्या दिवशी गेले.

वर्षभर त्यांचं ऐकलं. आजपासून नाही ऐकणार.

मामंजी, तुम्ही संध्याकाळी चहा घेताना फोन उघडाल, तेव्हा हे वाचाल. मी स्वयंपाकघरातच असेन. त्या न्हाणीतली खूण आण्णांची चुकली नव्हती, माझी चुकली होती. तुमच्या पावण्यांची लेवल शेवटपर्यंत बरोबर होती.

आण्णा, नमस्कार करते.

अंगठा काढला.