खाटेवरचे अंतराळवीर

फोन आला तो शेजारच्या झुलेखाभाभींकडे. त्यांचे यजमान आखातात, म्हणून आमच्या आळीत फोन तेवढा त्यांच्याकडे. भाभी बोलवायला आल्या आणि दारात नुसत्याच उभ्या राहिल्या, तेव्हाच मी काय ते समजले. शाळेची मुलं घेऊन सावर्ड्याला विज्ञान प्रदर्शनाला गेलेले सुधाकर भाऊजी, माझे धाकटे दीर, तिथेच छातीत कळ येऊन गेले… महिना उलटून गेला. भेटायला येणारे सगळे म्हणतात, सर किती शांत होते! शांत? अहो, मला विचारा. इतका चौकस आणि हट्टी माणूस अख्ख्या रत्नागिरीत शोधून सापडला नसता.

माझे यजमान मुंबईला नोकरीत. घरात मी, माझ्या दोन मुली आणि हे विज्ञानाचे मास्तर. चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात आंबे काढायला गडी मिळेना, म्हणून स्वारी स्वतःच कलमावर चढली आणि फांदीसकट खाली आली. मांडीचं हाड मोडलं. त्याच सुमारास आपला एक माणूस रॉकेटमधून अंतराळात गेला होता. "देशाचा माणूस वर गेला आणि आमचा खाली पडला," असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. हसायची खरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. हाड नीट जुळलं नाही तर वर्गात उभं राहणं संपलं, आणि फळ्यासमोर उभं राहण्यावाचून भाऊजींना दुसरं काही नकोच होतं.

डॉक्टरांनी पायाला वजन टांगलं आणि त्या ओढीने माणूस खाली सरकू नये म्हणून खाटेचा पायथा उंच करायला सांगितला. आमच्याकडे उंच करायला काय, जांभ्याचे चिरे! दोन खुरांखाली दोन चिरे सरकवले. डोकं खाली, पाय वर. चार दिवसांत भाऊजींचं नाक चोंदलं, तोंड सुजल्यासारखं झालं. ऐन उन्हाळ्यात सर्दी! मी ओव्याची पुरचुंडी शेकायला दिली, भाभी आलं-मिरीचा काढा घेऊन आल्या, कोणी कपाळाला वेखंड लावायला सांगितलं. भाऊजींनी मुकाट्याने सगळं सोसलं. नाक काही सुटेना.

एका सकाळी रेडिओ ऐकता ऐकता ते ओरडलेच, "वहिनी, ही सर्दी नव्हे हो! तिकडे वरही माणसांची तोंडं अशीच सुजतात, नाकं चोंदतात. रक्ताला खाली ओढणारं काही उरत नाही, ते सगळं वर डोक्याकडे येतं. तुम्ही चिरे लावून मला अंतराळात पाठवलंय!"

मी म्हटलं, "मग काढा फुकट गेला की!"

"ते भाभींना सांगू नका," म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांना छंदच लागला. माझी शिवणाची टेप घेऊन चांगल्या पायाची पोटरी मोजायला लावत. ती बारीक होत चालली होती, आणि मला धडकी भरायची. त्यांना मात्र नवल. "पाहिलंत? पायांना काम नाही, तर शरीर त्यांना पोसत नाही. तिकडे हाडंसुद्धा झिजतात. म्हणून ती माणसं रबरी पट्टे बांधून व्यायाम करतात." मग काय, सायकलची जुनी ट्यूब खाटेच्या दांड्याला बांधून चांगला पाय आणि दोन्ही हात ताणणं सुरू झालं. भेटायला येणारा प्रत्येक जण दटावायचा, "मास्तर, जरा गप पडून राहा बघू!" आमच्याकडे आजाऱ्याची माया ती हीच, त्याला हलू द्यायचं नाही. माझे यजमान मुंबईहून आले, तेही भडकले. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, मोडका पाय सोडून बाकी सगळं हलवू दे त्याला. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू परीक्षेत पहिले आले.

पावसाळ्यात वजन उतरवलं, मग काही दिवस नुसतं बसायचं, आणि एकदाचा उभं राहायचा दिवस आला. "चक्कर येईल, घाबरू नका. खाली परतलेल्यांनाही येते. रक्त वर चढवायची सवय शरीर विसरतं," हे त्यांनी आधीच बजावलं होतं. तरी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला तेव्हा मी देवाला हाका मारल्या. त्यांचा हात माझ्या डाव्या खांद्यावर, सगळा भार माझ्यावर, दरदरून घाम… आणि हसतायत! म्हणाले, "वहिनी, पृथ्वी फार जड आहे हो!" मी रडले. रडू नको तर काय करू?

पाय किंचित आखूड राहिला. पण ते फळ्यासमोर उभे राहिले, पुढे वर्षानुवर्षं राहिले. सपाटीवर झपाझप चालायचे. फक्त आमच्या ओटीची उंच पायरी चढताना हात माझ्या खांद्यावर यायचा. मीही खांदा खाली करायची.

परवा बाजार करून आले आणि पायरीपाशी थबकले. का थांबले, मलाच कळेना. मग लक्षात आलं, डावा खांदा आपोआप खाली झालाय, आणि त्यावर काहीच वजन येत नाहीय… भाभी पलीकडून हाका मारत होत्या, तरी मी तशीच उभी होते.