बोर्डावरून काढलेलं नाव

चैत्राच्या आधी नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे आमचं बुकिंगचं ऑफिस. एक तंबू, दोन टेबलं, एक गादी, देवाचा फोटो आणि बाहेर दोन बांबूंना बांधलेला फडाचा बोर्ड. गावोगावचे यात्रेचे पंच येतात, बोर्ड वाचत या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, चहा पितात आणि कुणाला तरी सुपारी देऊन जातात. मी त्यातल्या एका फडाचा मॅनेजर. मूळचा राजुरीचा, बागायतदाराच्या घरातला. तमाशात कामाला लागलो म्हणून घरच्यांनी तोंड फिरवलं होतं. पगार वेळेवर येतोय म्हटल्यावर ते हळूहळू जागेवर आलं.

पुण्यात मार्केटिंगचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे माझ्या अंगात मस्ती भारी. आमचा जुना बोर्ड पत्र्याचा होता. पेंटरनं रंगवलेली अकरा नावं, गवळण म्हणणारीपासून ढोलकीवाल्यापर्यंत. मी मालकांना म्हणालो, "मालक, हा बोर्ड आहे का मतदार यादी? कोण वाचत बसतंय एवढं? एक चेहरा पाहिजे, एक नाव पाहिजे आणि फोन नंबर असा पाहिजे की चालत्या गाडीतून दिसला पाहिजे." मालक भला माणूस. म्हणाले, "तू शिकलेला. तुला काय करायचं ते कर." ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट.

मी फ्लेक्स केला. नव्याने आलेल्या नाचणाऱ्या मुलीचा फोटो मोठा घेतला, बाकीची नावं उडवली, मोबाईलवर व्हिडिओ सोडले. आणि खोटं कशाला बोलू, चाललं ते. पेठ गावापासून वरच्या पठारापर्यंत जी गावं कधी आमच्याकडे वळून बघत नव्हती, त्यांचे फोन यायला लागले. तेच चाललं नसतं तर बरं झालं असतं, असं आज मला वाटतं.

उडवलेल्या नावांत आक्काचं नाव होतं. आक्का पस्तीस वर्षं आमच्या फडात गवळण म्हणत होती. साठीला टेकलेली, आवाज थोडा फाटलेला, पण ती "थांब रं" म्हणाली की वाद्यंसुद्धा थांबायची. माझ्या पहिल्या सीझनला मला जेवायची सोय नव्हती. आक्का रोज तिच्यातली भाकरी काढून ठेवायची आणि वर शिव्या घालायची, "मॅनेजर झालाय म्हनं, आन खायाला न्हाई." ज्यांची नावं काढली त्यांना मी एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ढोलकीवाला आठ दिवस बोलला नाही माझ्याशी. आक्काला मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. सरळ बोलायचं तर घाबरलो.

घाबरायला कारणही तसंच होतं. त्या वर्षी आण्याच्या यात्रेची सुपारी पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती, फोनवरच, व्हिडिओ बघून. आणे म्हणजे आक्काचं माहेर. पंधराव्या वर्षी ती घरातून दुसऱ्याच एका फडाबरोबर निघून गेली, तेव्हापासून थोरल्या भावानं बोलणं टाकलं होतं. आईबाप गेले तेही तिला पाव्हण्यांकडून उशिरा कळलं. सुपारी ठरली हे ऐकल्यावर आक्का दोन दिवस कुणाशी भांडली नाही, म्हणजे बघा. मी म्हणालो, "आक्का, भावाला सांगावा धाडू का?" तर म्हणाली, "काय गरज न्हाई. दादा शाळेत गेलाय, त्याला वाचता येतं. बोर्ड लागला की कळंल त्याला, मी आले म्हनून. मंग आला तर आला." आणि थोड्या वेळानं, "येईल रं. किती दिस दगडावानी ऱ्हाईल मानूस."

आमच्या फडात एक रीत होती. सीझनचा बोर्ड उभा केला की नारळ फोडायच्या आधी मॅनेजरनं तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. जुन्या माणसांना वाचता येत नव्हतं, त्यातून ही रीत पडलेली. ज्याचं नाव येईल त्यानं पुढं येऊन बोर्डाला हात लावायचा, मग पुढचं नाव. आक्काला अक्षर येत नव्हतं. पस्तीस वर्षं तिनं आपलं नाव कानानंच ऐकलं होतं.

त्या दिवशी फ्लेक्स बांधला, उदबत्ती लावली, सगळे गोळा झाले. आक्का नवं लुगडं नेसून पुढंच उभी. म्हणाली, "यंदा जरा मोठ्यानं वाच. आण्याला जायाचाय ह्यो बोर्ड."

मी वाचायला लागलो. फडाचं नाव झालं, मालकांचं झालं, त्या मुलीचं झालं. तिथं बोर्ड संपत होता, खाली नुसता फोन नंबर. आक्का वाट बघत होती. मला काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही. मी तिचं नाव वाचलं. "गवळणसम्राज्ञी" असं वर जोडून वाचलं. आक्का पुढं आली आणि तिनं फ्लेक्सला हात लावला, नेमका फोन नंबरवर. ढोलकीवाला माझ्याकडे बघत होता. मालकांनी पटकन नारळ फोडला.

आण्यात यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. म्हणजे रात्रीचा मोठा खेळ झाल्यावर गावकऱ्यांसाठी सकाळचा छोटा खेळ, मग दुपारी कुस्त्या. रात्रीच्या खेळातून आक्काची गवळण मी कधीच काढून टाकली होती, हजेरीत तेवढी पाच मिनिटं तिला ठेवली होती. तिनं मला बजावलं, "दादा रातचा येनार न्हाई, चार मानसांत लाजंल. सकाळी येईल. त्यो दिसला की मला सांग." मी म्हणालो, "मी कुठं ओळखतो तुझ्या दादाला?" तर म्हणाली, "माज्यासारकंच नाक हाय."

सकाळी मी बोर्डाजवळ उभा होतो. पाच-सहा पोरं फ्लेक्ससमोर सेल्फी काढत होती, त्यांच्याशी गप्पा मारत होतो. एक म्हातारा आला. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. बोर्डाजवळ जाऊन त्यानं बोट ठेवून वाचलं. वरून खाली. मग परत वरून खाली. मग मला विचारलं, "जुनी मानसं न्हाईत का वो आता तुमच्यात?"

त्याचं नाक मी बघितलं नाही. मी गिऱ्हाईक बघितलं. म्हणालो, "न्हाई काका. यंदा सगळे नवे चेहरे. जुनं कोणी ठेवलं नाही." आणि नाचणाऱ्या मुलीच्या फोटोकडे हात केला. तो "बरं" म्हणाला आणि पिशवी घेऊन रस्त्याला लागला.

आत आक्का कनातीच्या फटीतून बाहेर बघत होती. गवळण दोनदा पुढं ढकलायला लावली तिनं. शेवटी कुस्तीवाले ओरडायला लागले, तेव्हा ती उभी राहिली आणि गायली. पुढं बसलेली सगळी तरणी पोरं, त्यांचं लक्ष मोबाईलमध्ये. बोर्डावर नाव नसलेल्या म्हातारीला त्या गावात कोण ओळखणार होतं? गाणं संपल्यावर ती आत आली, चाळ सोडले आणि म्हणाली, "न्हाई आला." तेवढंच. परत आम्ही कुणी तिच्या तोंडून दादा हा शब्द ऐकला नाही.

पुढच्या सीझनला ती आलीच नाही. नारायणगावातच खोली घेऊन राहिली. मी जायचो अधूनमधून. दरवेळी ठरवायचो की आज सांगून टाकू, बोर्डावर तुझं नाव नव्हतं, त्याला कळलंच नसेल. पण ती शेजारणीला माझी ओळख करून द्यायची, "ह्यो आमचा मॅनेजर, लई गुनाचा," आणि सांगायचं राहून जायचं. चहा पिऊन परत यायचो. यात्रेनंतर दोन दिवाळ्या झाल्या आणि आक्का गेली. माहेरचं कुणी नव्हतं. आम्हीच चौघांनी केलं सगळं.

यंदा आण्याची कमिटी पुन्हा राहुटीत आली. पाच जण होते, त्यात तोच म्हातारा. बाकीचे शेजारच्या राहुट्या बघायला गेले, हा बसून राहिला. मला म्हणाला, "पावणं, तुमच्याकं गवळण म्हनायला एक बाई व्हती. माजी भन ती."

मी बघितलं. नाक तेच होतं.

"आमचं बोलनं न्हवतं," तो सांगायला लागला. "पन मी दरसाली हितं नारायनगावला यायाचो. तुमचा बोर्ड लागला का बघायाचो. नाव दिसलं की म्हनायचं, जिती हाय. आन माघारी जायाचं. कुनाला सांगितलं न्हाई कदी. त्या साली बोर्ड गावातच आला. म्हनलं आता लई झालं, जाऊन समोर उभं ऱ्हायचं. पिशवीत तिच्यासाटी लुगडं घेतलं व्हतं. बोर्ड वाचला दोनदा. नाव न्हाई. मंग तुमाला इचारलं, तुमी म्हनला जुनं कोनी न्हाई. मला कळलं काय कळायचं ते. घरी गेलो, आंगूळ केली, तिच्या नावानं पानी सोडलं. दहा दिस सुतक पाळलं."

त्याची वस्ती गावापासून तासाभराच्या वाटेवर आहे. म्हणजे तो विहिरीवर अंगावर पाणी घेत होता, तेव्हा आक्का कनातीच्या फटीला डोळा लावून उभी होती.

"कवा गेली वो ती?" त्यानं विचारलं. "तेवढं सांगा. मला साल तरी म्हाईत पायजे."

खरं सगळं सांगून टाकणार होतो. त्यानं माझ्या कानाखाली मारली असती तरी मला चाललं असतं. पण मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा तेच केलं. "त्याच साली," मी म्हणालो. "यात्रेच्या थोडं आधी."

त्यानं मान हलवली. "मंग सुतक येळेवर झालं म्हनायचं," तो म्हणाला. मग टोपी नीट केली आणि मला हात जोडले. "तुमचं लई उपकार. इतकी सालं तिचं नाव ठिवलं तुमी."